तेलाखालचा गंज

खंडेनवमीला आपण शस्त्रांना गंधफूल वाहतो. पूजेआधी शस्त्र घासूनपुसून लखलखीत करायचे, हे ओघानेच आले. पण पूजा वर्षातून एकदा आणि साफसफाई रोजची. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा येतात, सेनापतींची नावे येतात. बंदुकीच्या नळीत चिंधी फिरवणाऱ्या शिपायाला मात्र तेथे जागा नसते. मी शाळामास्तर. १८५७ शिकवताना काडतुसांपाशी आलो की वर्गातले एखादे पोर हटकून विचारते, "गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागोमाग गेले तर शंभरावर वर्षांचा इतिहास हाती लागतो.

१८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक तोंडाकडून भरावी लागे. नळीला आतून पिळाच्या तीन खाचा असत आणि गोळी त्यांत घट्ट बसावी लागे. त्या काळची काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन उरे. दहा-वीस बार झाले की नळी आतून चोंदे आणि पुढची गोळी गजाने ठासली तरी उतरेना. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावत. त्याने गोळी सरके आणि काजळीही मऊ पडे. म्हणजे वंगणाची गरज खरीच होती. पण ते कशाचे असावे, हे काडतूस दातांनी तोडणाऱ्या शिपायाला कोणी विचारले नव्हते. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली. तेव्हा सरकारने शिपायांना आपापल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. पण विश्वास एकदा उडाला तो उडालाच. २४ एप्रिलला मीरतेस ८५ जणांनी काडतुसे नाकारली आणि १० मे रोजी भडका उडाला. उठावाची कारणे पुष्कळ होती, हे खरे. ठिणगी मात्र वंगणाची होती.

काळ्या दारूची एक गोष्ट चांगली होती. तिची घाण पाण्यात विरघळे. शिपाई गरम पाण्याने नळी धुई, कोरडी करी आणि वरून तेलाचा हात फिरवी. ब्रिटिश फौजेत या कामी ब्रह्मदेशच्या खनिज तेलापासून केलेले 'रंगून तेल' प्रसिद्ध होते. पुढे १८९० च्या सुमारास धूर न करणारी दारू आली. नळी स्वच्छ दिसू लागली. पाण्याची कटकट गेली, असे पुष्कळांना वाटले. १९०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँक हॉपे यांनी नळीतली घाण सोडवणारे द्रावण काढले. १९०४ मध्ये जर्मनीत क्लेव्हर यांचे 'बॅलिस्टॉल' तेल आले. बाटल्या वाढल्या, पण गंज काही हटेना! संध्याकाळी पुसून, तेल लावून ठेवलेली बंदूक दोन दिवसांनी पाहावी, तर तेलाखाली तांबूस डाग.

आता दोष कुणाचा? पहिले बोट अर्थातच शिपायाकडे गेले. आळशी आहे, नीट पुसत नाही! दारूतले आम्ल पोलादाच्या छिद्रांत शिरते आणि मागाहून पाझरते, असेही काही जाणते सांगत. याचा उलगडा १९२२ मध्ये झाला. अमेरिकेच्या खाण-संशोधन खात्यातले विल्बर्ट हफ यांनी दाखवून दिले की, गुन्हेगार दारू नव्हेच; तो काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत आहे. टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होई, म्हणजे आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. हे मीठ नळीत चिकटून बसे, हवेतला ओलावा ओढून घेई आणि पोलाद खाई. तिळाच्या तेलात चिमूटभर मीठ टाकून पाहा. कितीही ढवळा, ते विरघळत नाही. तेल मिठाला धुऊन काढत नव्हते, उलट वरून पांघरूण घालीत होते. ब्रिटिश शिपायाला नळीत उकळते पाणी ओतण्यासाठी नरसाळे देत, ते उगीच नव्हते. पुढे क्लोरेट नसलेल्या टोप्या निघाल्या तेव्हा हा गंज ओसरला.

एवढे शिकल्यावर शहाणपण टिकायला हवे होते. पण व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने एम-१६ ही नवी रायफल दिली, तेव्हा तिला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत पसरली होती. अनेक तुकड्यांकडे सफाईचे साहित्य आणि गज पुरेसे पोचलेच नाहीत. दरम्यान १९६४ मध्ये काडतुसातली दारू बदलली होती. नव्या दारूने रायफलीचा वेग वाढला आणि काजळीही. काडतूस जिथे बसते त्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत तो गंजे आणि रिकामे काडतूस आतच अडकून बसे. ते बाहेर ढकलायला गज हवा, आणि गज तर नाही! उघडलेल्या रायफलीशेजारी सैनिक मरून पडलेले सापडले. तेव्हाही पहिले बोट सफाई न करणाऱ्या सैनिकाकडेच गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली आणि काडतुसांतले दोष दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा गुन्ह्याच्या सीमेवर जातो, असा ठपका ठेवला. मग क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य आले आणि १९६८ मध्ये विल आयस्नर या चित्रकाराने काढलेली एक चित्रमय पुस्तिका सैनिकांच्या हाती पडली.

त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर म्हणाल तर एका वाक्यात देता येते. द्रावण घाण सोडवते, पाणी मीठ नेते, तेल ओलावा अडवते. एकाचे काम दुसऱ्याला सांगून चालत नाही. पण मुलांना मी आणखी एक सांगतो. तीन वेळा हत्यार बिघडले किंवा नाकारले गेले आणि तिन्ही वेळा बोट आधी हत्यार वाहणाऱ्याकडे वळले. तेल कोणते, दारू कोणती, गज द्यायचा की नाही, हे ठरवणारे हात मात्र दुसरेच होते. इतिहास वाचताना त्या हातांची चौकशी आधी करावी.