द्राक्षारसाचें बूच

ज्युबिलीनिमित्त मंदिरांचा, वेदींचा व घंटांचा इतिहास सांगण्याचा प्रघातच आहे. आम्ही येथें एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे बाटलीचें बूच.

१७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं आपल्या फौजेंतील कॅथॉलिक लोकांसाठीं दिलेल्या जागेवर पुणें शहरांतील पहिलें कॅथॉलिक मंदिर उभें राहिलें. भाकर जेथल्या तेथें भाजतां येते. द्राक्षारस मात्र टिकवावा लागतो. मिस्साबलीचा रस द्राक्षांचाच, नैसर्गिक व न बिघडलेला असावा, हा ख्रिस्तसभेचा नियम १९१७ च्या धर्मसंहितेंत होता व १९८३ च्या संहितेंतही, ९२४ व्या कलमांत, कायम आहे. शिरका झालेला रस वेदीवर चालत नाहीं.

आम्ही नवदीक्षित असतांना एका पहांटे मिस्सेपूर्वीं बाटली हातीं घेतली, तों उग्र आंबट वास आला. बूच नुसत्या बोटानें फिरत होतें. दुसरी बाटली येईपर्यंत लोक गुडघे टेकून वाट पाहत राहिले. त्या दिवसापासून बुचाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली.

रसाचा शिरका करणारे सूक्ष्म जंतु हवेवर जगतात, हें लुई पाश्चर यांनीं १८६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. हवा रोखणें हेंच बुचाचें काम. रोमन लोक मातीच्या कुंभांस बूच लावून वर डांबर लिंपीत. पुढें तो प्रघात मागें पडला. १७ व्या शतकांत इंग्लंडांत मजबूत कांचेच्या बाटल्या निघाल्या, तेव्हां बुचास पुन्हां मान मिळाला. बूच ही एका जातीच्या ओक वृक्षाची साल. पोर्तुगालांत ती सुमारें नऊ वर्षांनीं एकदां सोलतात. झाड जिवंतच राहतें. १७९५ सालीं, म्हणजे पुण्याच्या मंदिरानंतर तीनच वर्षांनीं, सॅम्युएल हेन्शाल या इंग्रज पाद्र्यानें बूच उपटण्याच्या मळसूत्राचें पेटंट घेतलें. बुचें किती घट्ट बसूं लागलीं होतीं, याची ही साक्षच होय.

घट्ट बसविण्यासाठीं साधन लागतें. बाटलीचें तोंड आंतून सुमारें १८ मिलिमीटर, तर बूच २४ मिलिमीटर जाड. म्हणून आधीं तें दाबून बारीक करावें लागतें. दट्ट्या व हातोडीच्या साधनांत हा दाब पुरेसा मिळत नाहीं. बूच चुरतें, कधीं बाटलीच फुटते. दोन दांड्यांचें हातयंत्र स्वस्त असून थोड्या बाटल्यांस पुरतें. परंतु बाटली डळमळते व मनगटास जोर लागतो. जमिनीवर उभें राहणारें यंत्र सर्वांत उत्तम: त्याचे जबडे बूच चहूंकडून सारखें दाबतात व लांब दांडा तें एका दमांत आंत लोटतो. तें महाग असतें खरें. म्हणून अनेकांनीं मिळून एक घ्यावें. घेतांना जबड्यांच्या कडा गुळगुळीत आहेत कीं नाहींत, हें पाहावें. ओरखडलेल्या बुचांतून हवा शिरते. बूच उकळूं नये. तें बसविल्यावर बाटली दोन-तीन दिवस उभी ठेवून मग आडवी करावी, म्हणजे बूच ओलें राहून आकसत नाहीं.

नाताळांत घरीं करण्यांत येणाऱ्या वाइनमध्यें साखर व मसाले पडतात. ती वेदीसाठीं नव्हे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य करणें गुन्हा आहे. धार्मिक विधीच्या रसासाठीं त्याच कायद्यांत निराळी तरतूद आहे. तेव्हां परवाना आधीं, यंत्र मागून.

काना गांवच्या लग्नांत प्रभूनें उत्तम रस दिला; रांजण कांठोकांठ भरण्याचें काम मात्र चाकरांकडे होतें. दिलेलें जतन करणें हें आजही आपल्याकडेच आहे. सैल बुचानें रस जातो, सैल निष्ठेनें वारसा. पूर्वजांनीं दोन्हीं जपलीं. आपणही जपूं या.