नारायणगांवचा फड व विठाबाई

जुन्नर म्हटलें कीं संशोधकाची दृष्टि शिवनेरी, नाणेघाट व लेण्यांतील शिलालेख यांकडे वळते. त्याच तालुक्यांतील नारायणगांव हें तमाशाच्या फडांचें माहेर होय. तेथील भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांच्या फडांत भाऊंच्या कन्या विठाबाई (जन्म १९३५, पंढरपूर) बालपणींच उभ्या राहिल्या. गण, गवळण, बतावणी व वग या क्रमानें चालणाऱ्या खेळांत नृत्य, गायन व अभिनय या तिन्ही अंगांनीं त्यांनीं लौकिक मिळविला. १९९० चा राष्ट्रपति-पुरस्कार त्यांस लाभला; तथापि अखेरचे दिवस हलाखींतच गेले. २००२ मध्यें त्या निवर्तल्या. पुढें राज्य शासनानें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

यात्रांच्या हंगामापूर्वीं गांवोगांवचे पंच नारायणगांवच्या राहुट्यांत येऊन फडास सुपारी देतात. त्या व्यवहाराचे करार, वगांच्या वह्या व खेळांचीं पत्रकें हींच या इतिहासाचीं अस्सल साधनें होत. हंगाम सरतांच पत्रक टाकून दिलें जातें आणि वगाची वही सोंगाड्याबरोबर जाते. सरदारांच्या दफ्तरांस रुमाल मिळाले; या वह्यांस अद्याप मिळावयाचे आहेत. जुन्नर-आंबेगांवकडील संग्राहकांनीं त्या पाहाव्या, नकलून घ्याव्या व मालकाच्या नांवानिशीं नोंदवाव्या. तसें न झाल्यास विठाबाईंची कीर्ति उरेल, पण तिला आधार देणारा कागद उरणार नाहीं.