घरगुती वाय-फाय राऊटरची निवड (खरवई व परिसर)

घरापर्यंत तारेने आलेले इंटरनेट घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना रेडिओलहरींनी पोहोचवणारे उपकरण म्हणजे वाय-फाय राऊटर. ही नोंद त्याच्या एकाच बाजूविषयी आहे. घराच्या प्रत्येक खोलीत पुरेशी रेंज मिळावी म्हणून काय घ्यावे आणि ते कुठे बसवावे, एवढाच तिचा विषय. उदाहरणासाठी खरवई घेतली आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ तालुक्यात, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत, बदलापूर पूर्वेला वसलेले हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. नगरपरिषदेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे पावणेदोन लाखांवर गेली. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि घरून काम सुरू झाले, तेव्हापासून आतल्या बेडरूममध्ये नेट चालते की नाही हा प्रश्न इथल्या नोकरदाराच्या पोटापाण्याशी जोडला गेला. त्याचे उत्तर बहुतेक घरांत महागडा राऊटर हे नसते. रेंज ठरते ती भिंत, स्लॅब आणि राऊटरची जागा यांवर. म्हणून एका दणकट राऊटरपेक्षा योग्य जागी ठेवलेला साधा राऊटर, आणि घर मोठे असेल तर तारेने जोडलेले दोन साधे राऊटर, जास्त कामाचे ठरतात.

हे आकड्यांतून पाहता येते. सिग्नलची ताकद उणे अंकांत मोजतात, आणि फोनवरच्या मोफत वाय-फाय ॲपमध्ये ती कुणालाही दिसते. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. उणे ७५ च्या पुढे गेले की चित्र अडकू लागते. ताकद १० डेसिबलने घटली म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० ने घटली म्हणजे शंभरावा. आता ५ गिगाहर्ट्झवर चालणारा राऊटर आणि सहा मीटरवरचा फोन घेऊ. मध्ये काहीच नसेल तर फोनला साधारण उणे ४५ मिळते. प्लास्टर केलेली विटांची एक भिंत सुमारे १० डेसिबल खाते, त्यामुळे एका भिंतीमागे उणे ५५ आणि दोन भिंतींमागे उणे ६५. सळ्या घातलेल्या काँक्रीटचा स्लॅब २० किंवा त्याहून अधिक खातो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आणि आणखी एका भिंतीआडच्या खोलीत उणे ७५ किंवा ८० उरते, तेही अंतर तेवढेच असताना. म्हणून ‘हा राऊटर अमुक हजार चौरस फुटांना पुरतो’ हे खोक्यावरचे वाक्य इथे फारसे उपयोगाचे नाही. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ पत्रे ठोकून घरे बांधतात, तिथे एक भिंत तीन-चार डेसिबलच खाते. आपल्याकडे तेवढ्याच क्षेत्रफळात विटा, काँक्रीट आणि लोखंड असते.

बदलापूरच्या पट्ट्यात भिंतींचेही प्रकार आहेत, आणि राऊटर घेण्यापूर्वी आपल्या घराची भिंत कोणती ते ओळखणे हे पहिले काम आहे. जुन्या बैठ्या घरांत जाड विटांच्या भिंती असतात, पण खोल्या थोड्या. गेल्या काही दशकांतल्या चार-पाच मजली इमारतींत सांगाडा काँक्रीटचा आणि मधल्या भिंती चार इंची विटांच्या किंवा हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या असतात. अशा घरात एक राऊटर सहसा पुरतो. खरी अडचण नव्या टॉवरांची आहे. त्यांतले अनेक मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्र ओतून उभे राहतात. तिथे हॉल आणि बेडरूममधली भिंतसुद्धा सळ्यांच्या काँक्रीटची असते. इमारत नवी, घर लहान, तरी आतल्या खोलीत रेंज नाही, याचे कारण बहुधा हेच.

मग जास्त ताकदीचा, सहा-आठ अँटेनांचा राऊटर का घेऊ नये? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. जास्त अँटेनांचा राऊटर फोनचा क्षीण सिग्नल अधिक चांगला टिपतो. दोनऐवजी चार अँटेना असतील तर टिपण्यात साधारण ३ डेसिबलचा फायदा होतो. पण विटांची एक भिंत त्याच्या तिप्पट खाते. शिवाय प्रक्षेपणाच्या ताकदीला भारतात कायद्याने मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तारलेला पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो, तो ठरावीक ताकदीच्या आतच. त्यापलीकडची गोष्ट अशी की वाय-फाय हा दुतर्फी संवाद आहे. एका खोलीतून कुणी ध्वनिक्षेपकावर बोलावे आणि दुसऱ्या खोलीतून उत्तर कुजबुजत यावे, तसे दणकट राऊटर आणि फोन यांचे होते. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचे उत्तर राऊटरपर्यंत धड पोहोचत नाही, म्हणून पान उघडत नाही. ‘रेंज फुल आहे पण नेट चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हा असमतोल असतो.

दोन पट्ट्यांतला फरकही इथेच समजून घ्यावा. सारख्याच ताकदीवर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मोकळ्या जागेतही २.४ पेक्षा सुमारे ७ डेसिबल कमी मिळतो, आणि भिंतीतून जातानाही तो अधिक गळतो. २.४ दूर पोहोचतो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. १९४९ साली सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या कॅम्पांसारख्या दाट वस्तीत, किंवा खरवईत एका मजल्यावर चार-सहा बिऱ्हाडे असलेल्या इमारतीत, सगळ्यांचे राऊटर याच तीन चॅनेलांवर दाटी करतात. अशा ठिकाणी वन आरके किंवा वन बीएचकेची अडचण पोहोचण्याची नसून गर्दीची असते, आणि ताकद वाढवल्याने गर्दी वाढतेच. तिथे ड्युअल-बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, राऊटर घ्यावा, फोन व टीव्ही ५ वर ठेवावेत, आणि २.४ च्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर बांधावी. लहान घराला मेश, म्हणजे आपापसांत बोलणाऱ्या राऊटरांचा संच, विकू पाहणाऱ्याचे ऐकू नये. सिग्नल भिंतीत अडतो हे अशा घरात सोयीचेही ठरते, कारण शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नलही त्याच भिंतीत अडतो.

जागेचा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. फायबर जोडायला आलेला माणूस तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे मुख्य दारावर किंवा खिडकीशेजारी, फायबरचा डबा ठोकून जातो; राऊटर बहुधा त्यातच असतो. तो भाग घराच्या एका टोकाला असतो, त्यामुळे अर्धी रेंज जिन्यात आणि रस्त्यावर जाते. शेजारीच लोखंडी सेफ्टी डोअर असते. पुढे तोच डबा टीव्ही युनिटच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाशेजारी नाहीतर माळ्यावर पाण्याच्या टाकीला टेकून ठेवला जातो. धातू आणि आरसा लहरी परतवतात, पाणी त्या शोषते. जोडणीच्या दिवशीच फायबर आणखी आठ-दहा मीटर आत, घराच्या मध्याकडे ओढून घ्यावी. तेवढे जमले नाही तर डबा दाराशी राहू द्यावा आणि तिथून नेटवर्क केबल मध्यापर्यंत नेऊन तिच्या टोकाला राऊटर लावावा. उंची दारांच्या चौकटीइतकी, समोर मोकळी जागा, आणि ज्या खोलीत काम चालते तिच्या दाराच्या रेषेत. उघड्या दारातून जाणारा सिग्नल भिंत ओलांडत नाही, म्हणून दोन-तीन फूट सरकवल्यानेही आतल्या खोलीत १० डेसिबलचा फरक पडू शकतो. नवा राऊटर विकत घेऊन एवढा फरक क्वचितच मिळतो.

एवढे करूनही दुसरा मजला, लांबलचक टू बीएचके किंवा मायवानची भिंत आड येत असेल, तर दुसरे उपकरण लागतेच. बाजारातला स्वस्त रिपीटर दोन कारणांनी निराश करतो. एकच रेडिओ ऐकण्याला आणि पुन्हा सांगण्याला वापरला जात असल्याने वेग सुमारे निम्मा होतो. आणि लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात, म्हणजे त्यालाच धड ऐकू येत नसते. मेश संच यापेक्षा सरस, विशेषतः ज्यात राऊटरांनी आपापसांत बोलण्यासाठी वेगळा रेडिओ राखलेला असतो. तरी तोही भिंतीतूनच बोलतो. तारेला भिंतीचा अडथळा नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहते. तिच्या टोकाला जुना राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, त्याच नावाने आणि पासवर्डने लावला तरी खोली भरून जाते. तो ‘राऊटर’ म्हणूनच ठेवला तर मात्र घरात दोन वेगळी जाळी तयार होतात, आणि फोनला टीव्ही किंवा प्रिंटर सापडत नाही.

तारेला दोन आक्षेप असतात. घर भाड्याचे आहे, मालक भिंत फोडू देत नाही, हा पहिला. तार विद्रूप दिसते, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण भिंत फोडावी लागतेच असे नाही. चपटी केबल दाराच्या फटीतून जाते, आणि गोल केबल स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीत झाकता येते. इतकेही शक्य नसेल तर मेश घ्यावा, मात्र त्याचे दुसरे उपकरण अंधाऱ्या खोलीत न ठेवता वाटेत, जिथे पहिल्याचा सिग्नल उणे ६० च्या आसपास आहे, तिथे ठेवावे. दुकानात मेश हा पहिला उपाय म्हणून दाखवला जातो. या नोंदीच्या मते तार अशक्य ठरल्यानंतरच त्याची पाळी येते.

खरेदीत पाहण्यासारखे थोडकेच आहे. वाय-फाय ६ पुरेसे. अनेक उपकरणे एकाच वेळी चालणाऱ्या घरात त्याचा उपयोग दिसतो. पोर्ट गिगाबिटचे असावेत, कारण १०० मेगाबिटचा पोर्ट वरच्या प्लॅनचा वेग तिथेच अडवतो. ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवण्याची सोय हवी. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे जोडायची असतील तर वाय-फाय अलायन्सचे ईझीमेश प्रमाणन पाहावे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या उपकरणापेक्षा भारतासाठी मान्यता मिळालेले बरे, कारण चॅनेल आणि ताकद यांचे नियम देशागणिक निराळे आहेत. ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या खालच्या भागासाठी दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये विनापरवाना वापराच्या नियमांचा मसुदा काढला. पण तो पट्टा भिंतीपुढे ५ पेक्षाही दुबळा आहे, त्यामुळे सगळ्या घरात रेंज पसरवण्यासाठी त्याचे पैसे मोजू नयेत. वीज जाते तेव्हा फायबर चालू असते, बंद पडतात ते घरातले डबे. फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या १२ व्होल्ट यूपीएसवर हवेत. शेजारच्या इमारतीत किंवा अंगणापलीकडच्या खोलीत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. पावसाळ्यात जवळ वीज कोसळली तर ती दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते. तिथे फायबरच ओढावी.

सर्वांत मोठी संधी मात्र घर बांधून होण्याआधी असते. मायवानच्या भिंतीत वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतण्यापूर्वी टाकावे लागतात. नंतर ती भिंत खाचणे म्हणजे इमारतीच्या भार पेलणाऱ्या अंगाला धक्का लावणे. खरवई, कात्रप, शिरगाव या भागांत घर नोंदवणाऱ्यांनी मॉड्युलर किचनची चौकशी करण्याआधी विकासकाला एक गोष्ट लेखी विचारावी: दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक बेडरूमपर्यंत नेटवर्क केबलसाठी वेगळा रिकामा पाइप टाकला आहे का? नसेल, तर स्लॅब पडण्यापूर्वी तो टाकून घ्यावा.