पाठीच्या कण्याचा बाक आणि कमरेची झीज: नेमका संबंध काय?

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी झिजलीय’... कंबरदुखीचा विषय निघाला की ही वाक्यं हमखास कानावर पडतात. दोष बहुतेक वेळा वयाला, वजनाला किंवा बसण्याच्या सवयीला दिला जातो. पण कमरेत झीज नेमकी कुठे होणार, यात कण्याच्या आकाराचाही वाटा असतो.

कणा सरळ का नसतो?

बाजूने पाहिलं तर कणा मानेत आणि कमरेत पुढे झुकलेला, तर पाठीत मागे वळलेला दिसतो. कमरेत ५ मणके असतात. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला चकती (म्हणजेच गादी) आणि मागच्या बाजूला दोन छोटे ‘फॅसेट’ सांधे असतात. वरच्या शरीराचा भार या तिघांमध्ये वाटला जातो.

बाक कमी-जास्त असेल तर?

फ्रेंच सर्जन पिएर रूसुली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निरोगी लोकांच्या कण्याचे ४ प्रकार मांडले. कमरेखालचं त्रिकास्थी हे हाड किती कललेलं आहे, हा त्याचा मुख्य आधार. हा कल ३५ अंशांपेक्षा कमी असेल तर बाक साधारणपणे उथळ, ४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर खोल.

पाठ सपाट असेल तर भार चकत्यांवर जास्त येतो. बाक खोल असेल तर मागच्या फॅसेट सांध्यांवर ताण वाढतो.

‘ताठ बस’ म्हटल्याने आकार बदलतो का?

फारसा नाही. कमरेचा बाक बऱ्याच अंशी ओटीपोटाच्या हाडांच्या रचनेवर ठरतो. त्यासाठी डॉक्टर ‘पेल्विक इन्सिडन्स’ हा कोन मोजतात. वाढीच्या वयात तो बदलतो, मोठेपणी जवळपास कायम राहतो. उलट, वयानुसार चकत्यांची उंची कमी झाली की बाकही कमी होतो. म्हणजे सपाट पाठ हे झिजेचं कारण असू शकतं, तसंच परिणामही.

झीज म्हणजे दुखणं का?

नाही. पाठदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसते. त्यामुळे एमआरआयच्या रिपोर्टमधला ‘डिजनरेशन’ हा शब्द वाचून लगेच घाबरण्याचं कारण नाही.

मग करायचं काय?

कण्याचा आकार आपल्या हातात नाही, पण नियमित चालणं, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचा व्यायाम, एकाच स्थितीत तासन्‌तास न बसणं हे हातात आहे.

मात्र पायातली ताकद कमी होणं, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यापैकी काहीही जाणवलं तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावं.