मेंढीची साक्ष

सिझेरियनच्या टेबलावरची बाई बहुतेक वेळा जागी असते. कमरेत, मणक्यांमधून भुलीचं इंजेक्शन दिलेलं असतं. बाळाचं पहिलं रडणं तिला ऐकू येतं. पण या सुखाला एक धोका चिकटलेला आहे. खालचं अंग बधिर होताना रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साठतं आणि रक्तदाब झपाट्यानं उतरतो. बाईला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळाचंही रक्त कमी पडतं.

मी कवी, डॉक्टर नव्हे. तरी हा दाब सावरण्याचा इतिहास मला मोलाचा वाटतो. कारण त्यात माणसांनी आपलीच उत्तरं पुन्हा तपासली.

ही भूल १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी प्रथम वापरली. पुढे १९५०च्या दशकात ध्यानात आलं, की उताण्या गर्भवतीच्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. मग उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन तिला डावीकडे कलतं करायची रीत पडली. साधी उशी, पण कामाची!

औषध होतं एफेड्रिन. चीनमधल्या मा-हुआंग या जुन्या वनौषधीतून जपानच्या नागाई नागायोशी यांनी ते १८८५ साली वेगळं केलं होतं. १९७४मध्ये गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की एफेड्रिननं गर्भाशयाचा रक्तपुरवठा टिकतो, वाहिन्या आवळणाऱ्या इतर औषधांनी घटतो. झालं! मेंढीची ही साक्ष डॉक्टरांनी पंचवीसेक वर्षं प्रमाण मानली.

मग हाँगकाँगच्या वॉरविक न्गान की आणि सहकाऱ्यांनी बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. एफेड्रिन वारेतून बाळापर्यंत अधिक पोचतं आणि त्याच्या रक्तातली आम्लता वाढवतं, असं आढळलं. बाजूला सारलेलं फेनिलएफ्रिन त्या मानानं बरं ठरलं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनानं त्यालाच पसंती दिली. तेही भूल देताच सुरू करायचं. म्हणजे दाब पडल्यावर धावायचं नाही, पडूच द्यायचा नाही. सोबत सलाईन आणि ती जुनी उशी आहेच. फेनिलएफ्रिननं नाडी मंदावू शकते, म्हणून भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवर हवी.

आणि कान बाईकडे हवा. टेबलावर तिनं ‘कसंतरी होतंय’ म्हटलं, तर ‘घाबरली आहे’ म्हणून सोडून देऊ नये. मेंढीची साक्ष आपण इतकी वर्षं मानली; आईची तर आधी मानायला हवी.