अजिंठ्याचा गेरू आणि कॅमेऱ्याची काच

१८५४ साली पॅरिसमध्ये चित्रकार देलाक्र्वा याने यूजेन द्युरियूच्या साहाय्याने नग्न मॉडेलांची छायाचित्रे तयार करवून घेतली आणि ती समोर ठेवून रेखाटने केली. जिवंत मॉडेल थकते, हलते. छायाचित्र हलत नाही.

त्या सुमारास आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील (तेव्हाच्या निजामी मुलखातील) अजिंठ्यात रॉबर्ट गिलची अडचण वेगळीच होती. त्याची मॉडेले शतकानुशतके हललीच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी नेमले होते. मराठी वाचकाला गिल ठाऊक असतो तो पारोमुळे, ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे. त्या प्रेमकथेच्या छायेत त्याचा कॅमेरा मात्र झाकोळून गेला, असे आम्हांस वाटते. फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ साली लंडनमध्ये निघाली. त्यांतल्या एकात ७४, दुसऱ्यात १०० छायाचित्रे. मुख्यत्वे वास्तू, स्तंभ आणि शिल्पे. भिंतीवरील माणसे टिपणे कॅमेऱ्याला अवघडच होते. एक तर गुहेतला अंधार. त्यात त्या काळची ओली काच निळ्या प्रकाशालाच खरा प्रतिसाद देई. गेरू आणि पिवळी माती तिच्यावर काळवंडून जात, आणि अजिंठ्याची काया तर बव्हंशी याच रंगांत, गेरूच्या रेषेत उभी आहे.

म्हणून देहाची नक्कल कुंचल्याकडेच राहिली. गिलची बहुतेक तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांकडून नव्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. दैवयोग म्हणावा तर दोनदा तोच!

नुकसान मोठेच. परंतु कॅमेऱ्याच्या असमर्थतेमुळे एक गोष्ट घडली, ती आम्हांला मोलाची वाटते. जे. जे.च्या पाश्चात्त्य शिस्तीत मानवाकृती छायाप्रकाशातून घडवायला शिकणाऱ्या मुलांना, हिवाळ्यामागून हिवाळे, केवळ रेषेच्या वळणावर तोलून धरलेल्या खांद्या-कंबरांपुढे बसावे लागले. त्यांनी तैलरंगच वापरले, हे खरे. त्या माध्यमाचा जडपणा प्रतिकृतींत उतरलाही. तरी ती रेषा आधी त्यांच्या हाताला गिरवावी लागली. रंगीत छायाचित्रांवर आधारलेले गुलाम याझदानींचे ग्रंथ १९३० पासून निघू लागले, तोवर लेडी हेरिंगहॅमसोबत नंदलाल बोसही अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून गेले होते.