तप्त व घन केंद्रकीय द्रव्यातील अवस्थांतराचा शोध : मुंबईतील गणनेचे पर्व

पाण्याच्या द्रव व वायू अवस्थांमधील सीमारेषा एका क्रांतिक बिंदूपाशी संपते. त्यापलीकडे दोहोंत भेद उरत नाही. केंद्रकीय द्रव्यातही असा बिंदू आहे काय? पुरेशा उच्च तापमानास हॅड्रॉनांच्या बंधनातून क्वार्क मुक्त होतील, असे काबिब्बो व पारिसी यांनी १९७५ मध्ये प्रतिपादिले. तथापि बॅरिऑन-घनता शून्य असता हे स्थित्यंतर आकस्मिक नसून क्रमशः घडते, हे जालकावरील गणनांनी २००६ मध्ये निश्चित केले. साहजिकच खरे अवस्थांतर अधिक घनतेच्या प्रदेशात शोधणे प्राप्त झाले.

मुख्य अडचण नेमकी तेथेच होती. घनता शून्य नसल्यास गणनेतील भारांक संमिश्र संख्या होतो. त्यास संभाव्यता मानता येत नाही आणि मॉन्टे कार्लो पद्धती कुंठित होते. या अडचणीतून वाट काढणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई व सौरेंदु गुप्ता हे अग्रेसर होते. त्यांनी दाबाचा विस्तार रासायनिक वर्चसाच्या टेलर श्रेढीत केला. श्रेढीचे सहगुणक शून्य घनतेसच काढता येतात, आणि तिच्या अभिसरण-त्रिज्येवरून क्रांतिक बिंदूचे अनुमान करता येते. काल-दिशेने ४ टप्पे असलेल्या जालकावर २००५ मध्ये रासायनिक वर्चस व तापमान यांचे त्या बिंदूपाशी गुणोत्तर सुमारे १.१ आले, ६ टप्प्यांच्या अधिक सूक्ष्म जालकावर २००८ मध्ये ते सुमारे १.८ झाले. उत्तराचे हे सरकणेच सावधगिरीचा इशारा होता.

पुढे २०११ मध्ये गुप्ता व सहकाऱ्यांनी ब्रूकहेवन येथील टकरींत मोजलेले निव्वळ प्रोटॉन-संख्येचे चढउतार जालक-गणनेशी ताडून पाहिले व स्थित्यंतराचे तापमान सुमारे १७५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरविले. आधुनिक गणनांत ते १५६ च्या आसपास येते. २०१७ मधील एका व्यापक गणनेनुसार, १३५ ते १५५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानांच्या दरम्यान हे गुणोत्तर २ पर्यंत असेतो क्रांतिक बिंदू असण्याचा संभव अल्पच आहे.

यावरून मुंबईचे प्रयत्न व्यर्थ गेले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी सांगितलेला बिंदू टिकला नाही तरी, सिद्धांतातील राशी व प्रयोगातील मोजमाप यांची थेट तुलना करण्याची त्यांची रीत टिकली. शोधाच्या इतिहासात उत्तराइतकेच महत्त्व, ते उत्तर तपासण्याजोगे करणाऱ्या पद्धतीस असते.